अर्धा मेकअप घरी, अर्धा दुकानात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरहून रोज स्कूटीवर बेळगावला, गणपत गल्लीतल्या साडीच्या दुकानात दहा ते आठ ड्युटी. दुपारी दोनपर्यंत चेहरा तेलकट आणि राखाडी, काजळ डोळ्याखाली उतरलेलं, लिपस्टिक जेवणाच्या डब्याबरोबर गेलेली आणि निम्मं फाउंडेशन स्कार्फला. वर तिघींनी सेटिंग स्प्रे, म्हणजे मेकअप धरून ठेवणारा फवारा, घ्या म्हणून सांगितलंय. स्प्रे वाईट नाही, पण तुमचा मेकअप स्प्रे नसल्यामुळे जात नाहीये. थर जास्त आहेत, ते वाळू न देता एकावर एक बसवलेत आणि लगेच वर स्कार्फ आवळलाय, म्हणून जातोय.

आपल्या आज्या कपाळावर आधी मेण लावायच्या आणि मग त्यावर कोरडं कुंकू बोटानं टेकवायच्या. घासायच्या नाहीत, टेकवायच्या. ते कुंकू शेतात राबूनही संध्याकाळपर्यंत राहायचं. खाली पातळ, किंचित चिकट थर आणि वर कोरडा रंग दाबून बसवलेला. टिकणाऱ्या मेकअपचं सगळं तंत्र एवढंच आहे, बाकीची फक्त बाटल्यांची नावं.

सुरुवात सनस्क्रीनपासून, कारण बिघाडही बहुतेक तिथंच होतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढली की होईल तेवढं सनस्क्रीन लागतं. एकदम लावलं तर पांढरं दिसतं आणि बसत नाही. आधी एका बोटाचं लावा, दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्याचं. एसपीएफ ३० ते ५०, जेलसारखं हलकं. त्याखाली वेगळं मॉइश्चरायझर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात नको. सनस्क्रीनमध्ये तेवढा ओलावा असतो. मग दहा मिनिटं चेहऱ्याला हात लावायचा नाही. डबा भरा, साडी नेसा, काय ते करा. या दहा मिनिटांची घाई केली की वरचं फाउंडेशन लावताना शेवया वळल्यासारखे बारीक तुकडे सुटतात. माल खराब आहे म्हणून लोक बाटली बदलतात, पण दोष ओल्या थरावर घासण्याचा असतो. बोट गालाला लावून उचला. ओढल्यासारखं चिकटलं पण बोटाला काही आलं नाही, म्हणजे थर तयार आहे.

प्राइमर, म्हणजे फाउंडेशनखाली लावायचं गुळगुळीत क्रीम, पाहिजेच असं नाही. नाकाच्या बाजूची छिद्रं मोठी असतील तर मुगाएवढा, फक्त नाक आणि नाकालगतचा गाल एवढ्यावर दाबून. सिलिकॉनचा प्राइमर पूर्ण चेहऱ्याला फासून वर पाण्यासारखं पातळ फाउंडेशन लावलं तर ते घसरतं.

आता राखाडीपणा. फाउंडेशन एक-दोन शेडनं उजळ घेतलं की सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्यातला पांढरा रंग राखेसारखा दिसतो. त्यात वर टाल्कम पावडरचा हात फिरला की झालंच. शेड मनगटावर बघायची नाही, जबड्याच्या कडेला बघायची, म्हणजे गाल आणि मान दोन्हींशी जुळते का ते कळतं. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये तर मुळीच ठरवायची नाही. खडेबाजारात घेत असाल तर तीन शेडच्या तीन रेघा जबड्यावर ओढून घ्या, पंधरा-वीस मिनिटं बाकीचा बाजार करा आणि मग उन्हात येऊन आरशात बघा. तेवढ्या वेळात आतला पातळ भाग उडून जातो, त्वचेचं तेल मिसळतं आणि बरीच फाउंडेशनं थोडी गडद होतात. त्या वेळी जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. दोन शेडच्या मधला रंग असेल तर गडद घ्या. त्वचा पिवळसर झाकेची असेल आणि फाउंडेशन गुलाबी झाकेचं, तर शेड बरोबर असूनही चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, तेही उजेडातच कळतं.

किती लावायचं? संपूर्ण चेहऱ्याला एका हरभऱ्याएवढं. एवढंच. नाकाच्या बाजूला, हनुवटीच्या मध्ये, डाग असतील तिथं टिपके ठेवा आणि मधून बाहेर पसरवत न्या. कानाजवळ पोचेपर्यंत काही उरलेलं नसावं. स्पंज पूर्ण ओला करून घट्ट पिळा, टॉवेलमध्ये दाबून आणखी पाणी काढा. पाणी राहिलं तर फाउंडेशन पातळ होऊन डाग पडतात. कोरडा वापरला तर निम्मा माल स्पंजच पितो. आणि आपटत लावायचं, पुसत नाही. डोळ्याखालची काळी वर्तुळं झाकायला कन्सीलरचे थरावर थर देऊ नका, सुरकुत्यांत साचतो. आधी नारिंगी करेक्टर (काळेपणा मारणारं रंगीत क्रीम) तिळाएवढा, फक्त जिथं काळं आहे तिथं, मग कन्सीलर तेवढाच. नारिंगीमुळे निळसर काळेपणा मारला जातो, म्हणून वरचा थर पातळ चालतो.

तुमच्या बाबतीत खरा शत्रू स्कार्फ आहे. खानापूरपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, त्यात मच्छे-पिरनवाडी ते उद्यमबाग ट्रकची धूळ, म्हणजे स्कार्फ सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. पण जिथं कापड घासतं तिथं मेकअप ठेवू नका, एवढं करता येतं. घरी फक्त सनस्क्रीन, डोळ्याखाली आणि डागांवर कन्सीलर, नाकालगत थोडं फाउंडेशन, त्यावर पावडर आणि काजळ. गालाचा बाहेरचा भाग, जबडा, ओठ मोकळे. कपाळावर तर फाउंडेशन नकोच; हेल्मेटच्या आतला फोम ते पुसून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तेच तेलकट मिश्रण परत कपाळाला लावतो. कपाळावर बारीक पुरळ येत असेल तर हेल्मेटचं अस्तर कधी धुतलं होतं ते आठवून बघा. स्कार्फ मऊ सुती किंवा सॅटिनचा घ्या, खरखरीत सिंथेटिक नको, आणि रोज धुतलेला. पावडर लावल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग बांधा, आणि सोडताना खाली ओढू नका, गाठ सोडून पुढं उचला.

पावडर म्हणजे सैल, रंगहीन पावडर. ब्रशनं उडवण्यापेक्षा पफवर घ्या, पफ दुमडून चोळा म्हणजे ती आत बसते, आणि नाक, नाकाच्या बाजू, हनुवटी, डोळ्याखाली दाबा. गालाला जवळजवळ नको. जास्त झाली तर घामात तिचं पीठ मळलं जातं.

काजळ उतरतं कारण खालून तेल चढतं. सकाळी डोळ्याखाली क्रीम लावत असाल तर ते रात्रीवर ढकला. सनस्क्रीनही पापणीच्या अगदी कडेला टिपून घ्या. खालच्या पापणीखाली बारीक ब्रशनं पावडर दाबा, मग जेल पेन्सिल. वॉटरप्रूफ पेन्सिलीत एक लवकर उडणारं द्रव्य असतं, ते उडालं की रंगाचा पापुद्रा मागे राहतो. त्याला अर्धा ते एक मिनिट लागतं. तेवढ्यात डोळे चोळले किंवा मिटून दाबले की वरच्या पापणीवर ठसा उमटलाच. त्यावर काळ्या-तपकिरी आयशॅडोची पूड टेकवली की आणखी टिकतं, मेण-कुंकवाचाच हिशेब. डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर मात्र काहीच दिवसभर राहत नाही, अश्रू ते धुतातच. रोज उतरत असेल तर खालची कड सोडून द्या आणि वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी रेघ भरा. डोळे तेवढेच उठून दिसतात. घरचं तुपातलं काजळ म्हणजे काजळी आणि तूप, त्यात वाळणारं काही नाही, ते पसरणारच. सुरमा वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. आणि डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत काजळ बंद. तेव्हा वापरलेली पेन्सिल आणि मस्कारा टाकून द्या, वाईट वाटलं तरी.

दुकानात पोचल्यावर दहा मिनिटं काढा. घाम आधी वाळू द्या, पंख्याखाली दोन मिनिटं. मग गाल, ओठ आणि टिकली. क्रीमचा ब्लश पावडरच्या आधी, पावडरचा ब्लश नंतर. उलटं केलं की खालची पावडर उचकटते. तुमचे गाल घरून मोकळेच आलेत, म्हणून क्रीम ब्लश बोटानं दाबून लावता येईल, वर हवा तर पावडर ब्लशचा एक हात.

ओठांना बाम लावायचा तर गाडीवर बसण्याआधी, आणि दुकानात तो पुसून काढायचा. बामवर लिपस्टिक बसत नाही. ओठांच्याच रंगाची लिप पेन्सिल नुसती कडेला न ओढता पूर्ण ओठ भरून लावा. त्यावर लिपस्टिक, टिश्यू ओठांत दाबा, टिश्यूचा एक पदर ओठांवर धरून त्यातून थोडी पावडर टेकवा, परत एक हात. चहाला हे पुरतं. लिक्विड मॅट लिपस्टिक चहाला तर ऐकतच नाही, पण तेलापुढं हरते. वांग्याच्या भाजीचा तवंग लागला की आतल्या बाजूनं सुटायला लागते. जेवणानंतर उरलेल्यावर नवा हात मारू नका, पोपडे येतात. टिश्यूनं पूर्ण काढा आणि एक पातळ हात द्या. दाट हात वाळत नाही आणि भेगाळतो.

टिकली हेल्मेटखाली लावून उपयोग नाही. दुकानात लावायची, आणि त्याआधी एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा ओल्या कापसानं पुसून कोरडी करायची. सनस्क्रीनवर गोंद धरत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या: काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल या रसायनामुळं त्या जागी खाज येते किंवा त्वचा पांढरी पडते. पांढरट ठिपका दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ठिपका झाकायला मोठी टिकली लावणं हा सगळ्यात वाईट उपाय. भांगातलं कुंकूही खात्रीचं घ्या. सुट्या भडक शेंदरात शिसं निघालेलं आहे.

दुपारी डागडुजी करताना आधी ओळखा, घाम आहे की तेल. घाम असेल तर रुमाल दाबून टिपा आणि वाळू द्या. तेल असेल तर ब्लॉटिंग पेपर, नाहीतर टिश्यूचा एक पदर, पाच सेकंद दाबून धरा. तेल काढून झाल्यावरच पावडर, आणि तीही फक्त नाक-हनुवटीला. दर तासाला कॉम्पॅक्ट फिरवणाऱ्यांचा चेहरा चार वाजता भिंतीच्या गिलाव्यासारखा का दिसतो, त्याचं कारण हेच. सेटिंग स्प्रे असेल तर तो सगळं झाल्यावर, वीतभर अंतरावरून, डोळे मिटून तीन-चार फवारे, आणि दोन मिनिटं हात नाही. त्यातलं द्रव्य वाळून पातळ पडदा धरतं. गुलाबपाण्यात तसं काही नसतं. गार वाटतं, धरत काही नाही. ओल्या स्प्रेवर स्कार्फ बांधला तर सगळा चेहरा कापडावर छापून येईल.

ऋतूप्रमाणे थोडा फरक करा. जून ते सप्टेंबर खानापूर भागात हवेतच इतकं पाणी असतं की घाम उडत नाही. तेव्हा फाउंडेशन वगळून नुसता कन्सीलर आणि पावडर बरी. अथणी-रायबाग-चिकोडीकडच्या बायकांना मार्च-एप्रिलमध्ये उलटा त्रास होतो: कोरडी उष्ण हवा, घाम लगेच वाळतो आणि पावडरला तडे जातात. त्यांनी पावडर कमी, मॉइश्चरायझर थोडं जास्त. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गार वाऱ्यात गाडी चालवली की नाकाच्या कडा सोलतात आणि फाउंडेशन नेमकं तिथंच अडकतं. त्या दिवसांत सनस्क्रीनच्या आधी मॉइश्चरायझर घ्याच. हवा गार आहे म्हणून सनस्क्रीन सोडू नका, बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, थंडीतही ऊन सोडत नाही.

रात्री कितीही उशीर झाला तरी काढून झोपायचं. वॉटरप्रूफ काजळ पाण्यानं निघत नाही, कापसावर दोन थेंब खोबरेल घेऊन मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद धरा, मग पुसा. पूर्ण चेहऱ्याला खोबरेल मात्र पुरळ येणाऱ्यांनी टाळावं, मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं तयार पाणी) घ्यावं. त्यानंतर फेसवॉश. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढुरका थर त्वचेवर राहतो आणि सकाळी त्यावर काही नीट बसत नाही, म्हणून साबणाची वडी नको.

पैसे मोजून खर्चायचे असतील तर क्रम असा धरा: सनस्क्रीन, काजळ पेन्सिल, पावडर, लिप पेन्सिल. फाउंडेशन त्यानंतर, प्राइमर आणि स्प्रे सगळ्यात शेवटी. घेताना बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा नंबर आणि मुदत छापलेली बघा. उघड्या डबीच्या चित्रात ६ किंवा १२ आकडा असतो, तो उघडल्यापासूनचे महिने सांगतो. मस्कारा तीन महिन्यांत बदला.

स्पंज एक दिवसाआड साबणानं धुवा, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तो आतून वाळत नाही आणि काळी बुरशी धरतो. बंद डबीत ठेवू नका, पंख्याखाली ठेवा. काळा ठिपका दिसला की फेका. जुलै-ऑगस्टमध्ये सरळ बोटं वापरा. आणि मेकअपची पिशवी स्कूटीच्या डिकीत सोडून जाऊ नका. उन्हात लिपस्टिक वितळून परत घट्ट होते तेव्हा तिच्यावर तेलाचे थेंब येतात, फाउंडेशन फाटतं, आणि मग वरची सगळी काळजी घेऊनही ते चेहऱ्यावर धरत नाही.