हैदराबादला कॅम्पस झालेत म्हणून पोरीला तिकडच्या कॉलेजात घालू का?

नमस्कार दादा,

तुमचं दोन पानी पत्र वाचलं, सोबतच्या ब्रोशरचा फोटोपण झूम करून बघितला. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून विषय थोडक्यात सांगतो. दादा सोलापूरच्या पूर्व भागातले, टॉवेलचे आठ माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, लेकीची बारावी झाली आणि सीईटीला ९३ पर्सेंटाइल आलेत. कॅप राउंडला (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) सोलापुरातच कॉम्प्युटर मिळेल असं दिसतंय, पुण्यातलं मधल्या फळीतलं एखादं कॉलेजपण लागू शकतं. पण हैदराबादचे मेव्हणे म्हणतायत की इकडे ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांचे कॅम्पस आहेत, अजून बांधतायत, पोरीला इकडेच घाला, कंपन्या दारात असताना नोकरी कुठे जाते. मॅनेजमेंट सीट, म्हणजे कॉलेज स्वतःच्या कोट्यातून देतं ती, चार वर्षांचे मिळून १४ लाख. वर तिकडच्याच, हैदराबादबाहेरच्या सदाशिवपेठ गावाच्या बाजूला एक प्लॉट, 'आयटी कॅम्पसपासून ३० मिनिटं'. या दोन्हीसाठी चार माग विकायचा विचार चाललाय. आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ, जरा रागाने लिहिल्यासारखी: "सर, या कंपन्या आमच्या सोलापुरात का नाही येत?"

मी या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण तिचं उत्तर नीट कळलं की सीटचं आणि प्लॉटचं आपोआप कळतं.

मोठी कंपनी जागा कशी निवडते हे सगळ्या जगाला एकदा उघड उघड बघायला मिळालं होतं. २०१७ ला ॲमेझॉनने जाहीर केलं की आम्हाला अमेरिकेत दुसरं मुख्यालय बांधायचंय, ५०० कोटी डॉलर घालणार, ५० हजार नोकऱ्या, कोणत्या शहराला पाहिजे त्यांनी अर्ज करा. म्हणजे वधूवर मेळाव्यासारखंच झालं ते, २३८ अर्ज आले! आणि अटी काय होत्या बघा. शहर-परिसराची लोकसंख्या १० लाखांच्या वर हवी, आंतरराष्ट्रीय विमानतळ ४५ मिनिटांत गाठता यावा, बस-मेट्रो दाराशी हवी, आणि मुख्य म्हणजे चांगली टेक्निकल माणसं तिथे मिळावीत आणि टिकावीत. गावोगावच्या महापौरांनी काय काय ऑफर दिल्या, टॅक्स माफी, फुकट जमीन, आणि शेवटी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये निवडलं काय तर न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या नदीपलीकडचं आर्लिंग्टन. जिथे माणसं आधीच खच्चून भरलीत तीच दोन ठिकाणं. बाकीचे म्हणाले मग आम्हाला कशाला नाचवलं, आणि ते काही चूक नव्हतं.

यातली एक गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. आर्लिंग्टन ज्या राज्यात येतं त्या व्हर्जिनियाने कंपनीला निव्वळ पैसे दाखवले नाहीत, आम्ही येत्या २० वर्षांत कॉम्प्युटरच्या २५ हजारांहून जास्त जादा पदव्या देऊ असं कबूल केलं, व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने जवळच नवा कॅम्पस काढायचं ठरवलं. म्हणजे कंपनी शिकलेल्या माणसांच्या मागे जाते. मेव्हणे बरोब्बर उलटं सांगतायत.

आपल्याकडे पण तेच झालंय. बंगळूरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ ला आली तेव्हा तिथे विमानांची एचएएल, इस्रो, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे सगळं आधीपासून होतं, इंजिनियर तयार होते. हैदराबादसाठी तेव्हाचे आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी १९९७ ला बिल गेट्सना गाठून प्रेझेंटेशन दिलं, १९९८ ला मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट सेंटर आलं, त्याच वर्षी सायबर टॉवर्स ही आयटी कंपन्यांची इमारत उभी राहिली आणि त्याच वर्षी ट्रिपल आयटीपण सुरू झालं. नंतर शमशाबादचा विमानतळ २००८ ला, मग आउटर रिंग रोड. एक कंपनी आली की तिच्यातली माणसं फोडायला दुसरी समोरच्याच रस्त्यावर येऊन बसते, हे यांचं साधं गणित आहे, आपल्या चाटी गल्लीत कापडाच्या दुकानाला लागून कापडाचंच दुकान का असतं तसंच. २०१९ ला ॲमेझॉनने तिथे जी इमारत उघडली, साडेनऊ एकर जागा आणि १५ हजार माणसं बसतील एवढी, अमेरिकेबाहेर त्यांच्या स्वतःच्या मालकीची पहिलीच, ती या सगळ्यानंतर वीस वर्षांनी आली. वीस वर्षं!

आता सोलापूर. रागावू नका, पण सहा महिन्यांत पाच-सात वर्षं अनुभव असलेले ५०० इंजिनियर उभे करायचे तर सोलापुरात कुठून आणायचे? आहेत सोलापूरचे, हजारोंनी आहेत, पण ते सगळे पुण्यात वाकडला आणि बाणेरला राहतात. बाहेरून कोणाला आणायचं तर बायकोला नोकरी कुठे, नवऱ्याला नोकरी कुठे, ही कंपनी सोडली तर दुसरी कुठली, हे तो माणूस आधी विचारतो. विमानाचं तर तुम्हाला मी काय सांगू, विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली त्यावरून केवढं रामायण झालं, आणि पहिलं विमान गोव्याला उडालं ते २०२५ ला. अमेरिकेहून येणाऱ्या साहेबाला सोलापूर म्हणजे अजून एक दिवस जादा. यात सोलापूरच्या पोरांचा काही कमीपणा नाही, आणि म्हणूनच म्हणतो की इमारत कुठे आहे आणि पोरगी किती हुशार आहे हे दोन वेगळे विषय ठेवा.

आता सीटकडे येऊ. 'कॅम्पस' या एका शब्दाने घोळ केलाय. पोरं म्हणतात "कॉलेजला कॅम्पस आला", म्हणजे कंपनी भरतीला आली. मेव्हणे म्हणतात कॅम्पस झाला, म्हणजे काचेची बिल्डिंग झाली. या दोन कॅम्पसचा एकमेकांशी फारसा संबंध नाही दादा! कंपनीची कॉलेज भरतीची टीम भिंतीवर नकाशा लावून आपल्या बिल्डिंगपासून ५ किलोमीटरवरची कॉलेजं शोधत नाही. त्यांच्याकडे यादी असते, आधीच्या बॅचच्या पोरांनी टेस्ट कशी दिली, जॉइन किती झाले, टिकले किती, त्यावरून ती ठरते. हैदराबादच्या आयटी भागातल्या, गचीबौलीच्या बिल्डिंगमध्ये बसायला पोरगं वारंगळच्या एनआयटीतून येतं, नागपूरच्या व्हीएनआयटीतून येतं, आणि शेजारच्या गल्लीतल्या मॅनेजमेंट कोट्याच्या कॉलेजातलं पोरगं रोज बसमधून ती बिल्डिंग बघत जातं. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं तर त्याहून सोपं, टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची टेस्ट कुठल्याही गावातल्या पोराला देता येते, इन्फोसिसमध्ये लागलेल्या फ्रेशरांना ट्रेनिंगला म्हैसूरला नेतात आणि नंतर कुठे टाकतील ते त्यांचं त्यांना माहीत.

सत्या नडेलांचं उदाहरण मी पालकांना नेहमी देतो. माणूस हैदराबादचा, इंजिनियरिंग केलं कर्नाटकात मणिपालला, मग अमेरिकेत शिकला, आणि २०१४ ला मायक्रोसॉफ्टचा प्रमुख झाला. नडेला काही सगळे होत नाहीत, मान्य. म्हणून साधं उदाहरण घ्या. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी सोलापूरचाच एक मुलगा यायचा, वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला. सोलापुरातच शिकला, लागला एका सर्व्हिस कंपनीत, ट्रेनिंग म्हैसूर, पोस्टिंग चेन्नई, तीन वर्षं तिथे इडली खाऊन कंटाळला पण काम शिकला, रात्री प्रॉब्लेम सोडवत बसायचा, मग ओळखीच्या सिनियरने रेफरल दिला आणि आता हैदराबादला अशाच एका मोठ्या बिल्डिंगमध्ये आहे. मध्ये मला कँटीनमधून व्हिडिओ कॉल केला, टेबलवर त्याच्यासोबत चौघं होते, एक अमरावतीचा, एक भुवनेश्वरची, दोघं विजयवाडा साइडचे. मी मुद्दाम विचारलं की यात हैदराबादेत शिकलेला कोण, तर एकमेकांकडे बघून हसले, एकपण नव्हता. पाच जणांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण रीत अशीच आहे, त्या बिल्डिंगा जास्त करून अनुभववाल्यांनी भरतात. हैदराबादला जायचंच असेल तर तो योग पाच-सात वर्षांनी, कंपनीच्या खर्चाने येतो. तेव्हा तिला तेलुगू येतं याचा खरा फायदा होईल, घरमालकाशी, रिक्षावाल्याशी, टीममध्ये. भरतीच्या टेस्टला भाषेचे मार्क नसतात.

आणि पैशाचं. आपल्या राज्याची २०२४ पासूनची योजना तुम्ही पत्रात कुठेच धरलेली नाही याचं मला आश्चर्य वाटलं. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, खाजगी विनाअनुदानित कॉलेजातपण. मॅनेजमेंट सीटला नाही, आणि बाहेरच्या राज्यात तर प्रश्नच नाही. तुमच्या दाखल्यांवर हे बसतंय का ते आजच बघा, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर काढायला सेतूत किती चकरा होतात ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे एका बाजूला १४ लाख आणि दुसऱ्या बाजूला जवळपास हॉस्टेल-मेसचाच खर्च, आणि त्या १४ लाखांत मिळतंय काय, तर बिल्डिंगचा शेजार.

आता प्लॉटचं ब्रोशर. त्यात दोन बातम्यांची कात्रणं चिकटवलीत, एक कॅम्पसची आणि एक 'हजारो कोटींचं डेटा सेंटर' अशी. डेटा सेंटर म्हणजे ऑफिस नव्हे दादा. ते सर्व्हरचं गोडाऊन, वीज आणि थंड हवा अफाट लागते, माणसं मात्र त्या मानाने फार थोडी, त्यातले बरेचसे सिक्युरिटी आणि मेंटेनन्सचे. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून आहे, किती पुणेकरांना ते कुठे आहे हे सांगता येईल? गुंतवणुकीचा आकडा मोठा म्हणून नोकऱ्या मोठ्या असं त्यात नसतं. आणि कॅम्पसची बातमी म्हणाल तर जाहीर झालेलं सगळं उभं राहतंच असं नाही. वर ज्या ॲमेझॉनचं सांगितलं त्यांनी न्यूयॉर्कचा बेत तीन महिन्यांत, २०१९ च्या फेब्रुवारीत गुंडाळला, सरकार एवढ्या सवलती का देतंय म्हणून लोक भांडायला उठले होते. आर्लिंग्टनचा पहिला टप्पा झाला पण दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम २०२३ ला थांबवलं. गूगलनेसुद्धा सॅन होझेचा मोठा प्रकल्प त्याच वर्षी थांबवला, जागा मोकळी करून ठेवलेली असताना. तिथे या बातम्या ऐकून ज्यांनी आधीच फ्लॅट घेऊन ठेवले त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. तुमचा प्लॉट तर सदाशिवपेठला, तिथून गचीबौली ३० मिनिटांत हेलिकॉप्टरनेच होईल. हिंजवडी बघा ना, कागदावर वाकडपासून दहा मिनिटं, मी स्वतः भूमकर चौकात पावसात दीड तास उभा होतो, शेवटी गाडीतच एका पालकांचं फोनवर समुपदेशन उरकलं.

मग पुणे की सोलापूर? माझं मत पुण्याकडे थोडंसं झुकतं, पण कॉलेज बघून, शहर बघून नाही. पुण्याचा फायदा असा की तिथे फक्त टेक कंपन्या नाहीत, गाड्यांचा धंदा आहे, बँकांची सेंटरं आहेत. बीएमडब्ल्यूने २०२४ ला टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर गाडीच्या सॉफ्टवेअरची कंपनी काढली त्यात पुणे आहे, कारण गाडी कळणारे इंजिनियर इथे आधीपासून होते, परत तेच कारण. इंटर्नशिप तिसऱ्या वर्षी शहरातच मिळाली तर राहायचा खर्च वाचतो, सिनियर भेटतात. पण पुण्यातल्या नावालाच कॉम्प्युटर असलेल्या कॉलेजपेक्षा सोलापुरातलं जुनं, ऑटोनॉमस, शिक्षक टिकून असलेलं कॉलेज कधीही बरं. ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोन्हीकडच्या फायनल इयरच्या दोन-दोन मुलींना गाठा आणि विचारा: तुमच्या वर्गातल्या किती जणींना ऑफर लेटर हातात मिळालं, कंपनी कुठली, पगार किती, जॉइनिंग झालं का नुसतंच लेटर आहे? प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचा सगळ्यात मोठा पगार बघू नका, तो एकाच पोराचा असतो आणि तोच फोटो तीन वर्षं चालतो.

मेव्हण्यांना वाईट वाटू देऊ नका, त्यांनी भाचीच्या काळजीनेच सांगितलंय. सुट्टीत पोरीला आठ दिवस त्यांच्याकडे पाठवा, हायटेक सिटी हिंडून येऊ दे, हायवेने ३०० किलोमीटर तर आहे, पुण्यापेक्षा थोडंच लांब. प्लॉटचं टोकन अजून दिलं नसेल तर देऊ नका, दिलं असेल तर आज फोन करून परत मागा, मिळेल तेवढं मिळेल. आणि माग विकायचं तूर्त राहू द्या, चार वर्षांची मेस आणि हॉस्टेल त्याच मागांवर निघणार आहे.