करार वाचायला बसशील तेव्हा

बाळा, ‘करार’ म्हटलं की आपल्या सांगलीकडच्या माणसाला आधी स्टॅम्पपेपर दिसतो. साठेखत, इसार, दोन साक्षीदार. बायबलमधले देवाने माणसांशी केलेले करार मीही बरीच वर्षं तसेच वाचायचो, म्हणूनच अडकलो.

जलप्रलयातून वाचलेल्या नोहापासून सुरू कर, पण तिथे रेंगाळू नकोस. मेघधनुष्य ही खूण, वचन सगळ्या सजीवांना, एवढं पुरे. रेंगाळायचं ते बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात. कालवड, शेळी, एडका मधोमध चिरून समोरासमोर मांडलेत आणि अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, त्यांवर झेपावणारी पाखरं हाकलत बसलाय. करार करणारे असे तुकड्यांमधून चालत जात. मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३४:१८ (अध्याय ३४, वचन १८) शेजारी उघडून ठेव, म्हणजे उलगडेल. आणि इथे? अब्राम गाढ झोपेत. धुमसती भट्टी नि जळती मशाल, म्हणजे देवाची खूण, तेवढीच मधून जाते. सही एकाच बाजूची!

सीनाय डोंगरापाशी मोशेमार्फत झालेल्या कराराचं तसं नाही. निर्गम या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात इस्राएल लोकही ‘आम्ही पाळू’ म्हणून कबूल होतात. दोन्हींना एकच माप लावलंस की गोंधळ झालाच म्हणून समज.

मग नव्या कराराचं वचन देणारं यिर्मया ३१:३१, आणि लगेच येशूच्या शेवटच्या भोजनातलं लूक २२:२०. पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या त्या भोजनाच्या स्मरणविधीला, प्याला हातात येईल तेव्हा ‘नवा करार’ हे शब्द कान देऊन ऐक.