वाचकांचे प्रश्न: चिली पेपर्सचे व्हिडिओ, एकेक करून

मागच्या अंकात मी रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन रॉक बँडबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की या बँडची गाणी मी ऐकते त्यापेक्षा जास्त बघते, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यांच्याच नावावर. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

ताई, तुमचा सगळ्यात आवडता व्हिडिओ कोणता? एकच सांगा, यादी नको.

'स्कार टिश्यू', १९९९ चा. विचार करावाच लागत नाही.

आता का ते सांगते, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात काहीच घडत नाही असं वाटतं. वाळवंट आहे, एक खिळखिळी उघडी गाडी आहे, चौघं तिच्यात बसलेत, सगळ्यांना जबर मार लागलाय, कुणाला पट्ट्या बांधल्यात, कुणाचं तोंड सुजलंय, वाद्यंसुद्धा मोडकीतोडकी. कुणी मारलं, कुठून आले, कुठे चाललेत, काही सांगत नाहीत. गाडी नुसती पुढे जात राहते. आणि गाडी कोण चालवतोय ते बघा, बँडचा गिटारिस्ट जॉन फ्रुशांते. हाच माणूस १९९२ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना बँड अर्ध्यात सोडून निघून गेला होता, मग बरीच वर्षं नशेत पार बुडाला, अगदी मरता मरता वाचला, आणि १९९८ मध्ये परत आला. परत आल्यावरच्या अल्बममधलं सगळ्यात आधी प्रसिद्ध झालेलं गाणं हेच आणि त्याच्या व्हिडिओत स्टिअरिंग त्याच्या हातात दिलंय! हे ठरवून केलं की सहज झालं यात मला रस नाही, पडद्यावर ते दिसतं एवढं मला पुरतं.

आणि शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा. गाण्यात स्लाइड गिटारचे तुकडे मध्ये मध्ये येतात, शेवटी दिवस कलतो, उजेड सोनेरी होतो आणि फ्रुशांते मान मोडलेली गिटार घेऊन तो सोलो वाजवतो. अशा गिटारमधून असा सूर निघणं शक्यच नाही हे आपल्याला कळत असतं तरी त्याचा चेहरा बघून खरं वाटतं. सोलोही बघा किती कमी सुरांचा आहे, एकेक सूर लांबवलेला, घाई नाही, बोटांची करामत नाही. याच्या जागी झगझगीत वेगवान सोलो असता तर त्या मोडक्या गिटारशी त्याचा काही संबंध उरला नसता.

दिग्दर्शक स्टेफान सेदनावी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मी या बँडचं काहीच बघितलेलं नाही. सुरुवात कुठून करू? जुन्यापासून क्रमाने जाऊ का?

क्रमाने जाऊ नका. पहिला अल्बम १९८४ चा, आणि ऐंशीच्या दशकातले व्हिडिओ उत्साही आहेत पण त्यात मुख्यतः उड्या आहेत. ते मागाहून बघा, तेव्हा जास्त आवडतील.

सुरुवात 'गिव्ह इट अवे' पासून करा, १९९१. हाही सेदनावीचाच. ब्लॅक अँड व्हाइट, परत वाळवंट, आणि चौघं अंगभर चंदेरी रंग फासून नाचतायत. गोष्ट नाही, प्रेयसी नाही, स्टेज नाही. गायक अँथनी कीडिस कॅमेऱ्याच्या इतका जवळ येऊन तोंड वेडंवाकडं करतो की आपण मागे सरकतो. त्या काळात रॉक बँडचा व्हिडिओ म्हणजे केस उडवणारे लोक आणि धूर, आणि त्यात हे काय आलं असं लोकांना वाटलं असणार, पण १९९२ च्या एमटीव्ही पुरस्कारांमध्ये त्याला दोन बक्षिसं मिळाली. तो बघितलात की या बँडचं एक कळतं आणि पुढचे सगळे व्हिडिओ त्यावरच उभे आहेत, की ही माणसं स्वतःचं शरीर दिग्दर्शकाच्या हवाली करतात. रंगवा, टांगा, पळवा, काहीही करा, आम्ही तयार आहोत. पुष्कळ मोठे बँड व्हिडिओत आपण कसे दिसू याची काळजी करतात आणि ती काळजी पडद्यावर दिसते. इथे ती दिसत नाही.

मग लगेच 'अंडर द ब्रिज' लावा, दिग्दर्शक गस व्हॅन सँट. अल्बम तोच, माणसं तीच, आणि सगळं उलट. गाणं कीडिसच्या एकटेपणाचं आहे, नशा सोडल्यावर जुने सोबती तुटले आणि लॉस एंजेलिस शहर तेवढंच आपल्या सोबतीला आहे असं वाटायला लागलं, त्यातून लिहिलेलं. मुळात ती त्याच्या वहीतली कविता होती, बँडला दाखवायचीही नव्हती, निर्माता रिक रुबिननं वही चाळताना बघितली आणि मागे लागला. व्हिडिओत कीडिस उघड्या अंगाने स्लो मोशनमध्ये पळतो. पळणारा माणूस स्लो मोशनमध्ये, हे पुढे इतक्या जणांनी केलं की आज त्यात नवल वाटत नाही, पण हे दोन व्हिडिओ पाठोपाठ बघितले की तेच शरीर आधी काय करत होतं आणि आता काय करतंय हे दिसतं, आणि त्यासाठीच मी पाठोपाठ म्हणतेय.

'कॅलिफोर्निकेशन'चा व्हिडिओ मुलीला दाखवला तर ती म्हणाली ग्राफिक्स किती जुनाट आहेत. आमच्या वेळी तो बघून आम्ही वेडे झालो होतो. आता तो खरंच जुना झालाय का?

ग्राफिक्स जुनी झाली, व्हिडिओ नाही झाला. तिला परत दाखवा आणि सांगा की हा व्हिडिओ गेमची नक्कल करतोय, आणि २००० साली गेम असेच दिसायचे. जोनाथन डेटन आणि व्हॅलेरी फॅरिस या नवरा-बायकोच्या जोडीनं तो केला. चौघं गेममधली पात्रं झालेत, कीडिस पाण्यात शार्कसोबत पोहतोय, ड्रमर चॅड स्मिथ स्नोबोर्डवर घसरतोय, असं प्रत्येकाचं वेगळं चाललेलं असतं, आणि मध्ये मध्ये खरा बँड ढगांसमोर उभा राहून वाजवताना दिसतो.

गाणं आहे हॉलिवूडनं जगाला विकलेल्या खोट्या स्वप्नांबद्दल, म्हणून तो गेम नुसती गंमत राहत नाही. पळतायत, उडतायत, पॉइंट मिळतायत, आणि आजूबाजूचं सगळं कॅलिफोर्निया बनावट. शेवटी भूकंप होतो, जमीन फाटते, चौघं खाली जमिनीच्या पोटात जाऊन भेटतात, एका चमकत्या ठोकळ्याला हात लावतात आणि खरी माणसं होतात. तुमच्या मुलीला हा शेवट नीट बघायला सांगा. आधीची ग्राफिक्स प्लास्टिकसारखी दिसली नसती तर शेवटी खरे चेहरे बघून जे वाटतं ते वाटलंच नसतं.

आणि तिला हेही सांगा की २०२२ मध्ये एका स्पॅनिश डेव्हलपरनं तो गेम खरोखर बनवला, सात लेव्हलचा, आणि लोकांना फुकट खेळायला दिला. बावीस वर्षांनी कुणाला एखाद्या व्हिडिओसाठी एवढी मेहनत करावीशी वाटते, तेव्हा त्यात काहीतरी असणारच ना.

याच जोडीचा 'अदरसाइड' पण दाखवा, जुन्या जर्मन मूकपटांसारखा, तिरक्या भिंती, काळ्या सावल्या, त्यात बँडचा बेस गिटारवादक फ्ली टेलिफोनच्या तारांना लटकून त्याच तारा बेस म्हणून वाजवतो. तो जुना व्हायचा प्रश्नच नाही, तो आधीपासूनच जुन्या काळातला आहे.

'कान्ट स्टॉप'मध्ये नक्की चाललंय काय? बादल्या, खुर्च्या, दिवे. मला अर्थच लागला नाही.

अर्थ लावायला बसूच नका, पण ते आलं कुठून ते कळलं की मजा दुप्पट होते. एर्विन वुर्म नावाचे ऑस्ट्रियाचे शिल्पकार आहेत, त्यांची 'एक मिनिटाची शिल्पं' प्रसिद्ध आहेत. साधी माणसं आणि घरातल्या साध्या वस्तू घ्यायच्या, कलाकार सांगेल तसं त्या वस्तूसोबत थोडा वेळ स्थिर राहायचं, झालं शिल्प. मग माणूस निघून जातो आणि उरतो तो फोटो. दिग्दर्शक मार्क रोमानेकनं ही कल्पना उचलली आणि चोरून नाही, व्हिडिओच्या शेवटी वुर्म यांचं नाव देऊन.

आता परत बघा. डोक्यावर बादली, कीडिसच्या पाठीवर टेबललॅम्प बांधलेले. प्रत्येक तुकडा काही सेकंदांचा, आणि त्या काही सेकंदांत ते पूर्ण गंभीर असतात. इथेच सगळी मेख आहे. एकानं जरी 'बघा आम्ही किती विचित्र' असं डोळ्यांनी सांगितलं असतं तरी सगळं पडलं असतं. फ्रुशांतेची गिटार सुरुवातीला कशी एकेका सुरावर ठोके देत येते ते आठवा, ते गाणंच तुकड्यातुकड्यांनी बांधलेलं आहे, थांबतं, उसळतं, परत थांबतं, आणि चित्रंही तशीच. गाण्याचं नाव थांबता येत नाही आणि व्हिडिओ मात्र माणसांना थांबवून ठेवण्याच्या कलेवर! रोमानेकचा जॉनी कॅशसाठी केलेला 'हर्ट' याच सुमाराचा आहे, तो अगदी वेगळ्या जातीचा, कधी सवड काढून दोन्ही बघा.

यांचा गिटारिस्ट दर व्हिडिओत वेगळा का दिसतो?

कारण खरंच बदलत गेला. थोडक्यात सांगते. पहिला हिलेल स्लोवाक, तो १९८८ मध्ये नशेपायी गेला. मग फ्रुशांते, जेमतेम अठरा वर्षांचा, तो १९९२ पर्यंत. नंतर १९९५ च्या अल्बमवर डेव्ह नवारो. १९९८ ते २००९ परत फ्रुशांते. मग दहा वर्षं जॉश क्लिंगहॉफर, आणि २०१९ पासून पुन्हा फ्रुशांते.

१९९३ चा 'सोल टू स्क्वीझ' याच्यासाठी मुद्दाम बघा, सर्कशीतला व्हिडिओ आहे, गाण्यात गिटार फ्रुशांतेची आहे आणि व्हिडिओत तो नाहीच, शूटिंगच्या आधीच गेलेला. गिटार ऐकू येते आणि वाजवणारा दिसत नाही. मला तो व्हिडिओ त्यामुळे कधीच हलका वाटला नाही.

क्लिंगहॉफरच्या काळाला लोक उगाच नावं ठेवतात. २०११ मध्ये व्हेनिस बीचवर इमारतीच्या गच्चीवर वाजवलेला व्हिडिओ बघा, खाली रस्त्यावर जमलेली गर्दी बघा. आणि २०१६ चा 'डार्क नेसेसिटीज', ऑलिव्हिया वाइल्डनं दिग्दर्शित केलेला, लाँगबोर्डवरून उतार उतरणाऱ्या मुलींचा. त्यात बँड दुय्यम आहे आणि त्या मुलींनाच खरी जागा दिलीय, आपल्याच गाण्यात बाजूला उभं राहायला तीसेक वर्षं स्टेज गाजवलेल्या माणसांना काही वाटलं नाही याचं मला फार कौतुक आहे.

सगळ्यांना आवडतो पण तुम्हाला नाही, असा कुठला व्हिडिओ आहे का?

'डॅनी कॅलिफोर्निया', २००६. नावडता नाही म्हणणार, पण लोक त्याला यांच्या व्हिडिओंत पहिला नंबर देतात तिथे मी नाही. टोनी के यांनी केलाय, एकाच स्टेजवर बँड रॉकचा सगळा इतिहास वेशभूषेतून करून दाखवतो, एल्विसचा काळ, बीटल्स, फंक, ग्लॅम, पंक, ग्रंज, आणि शेवटी स्वतःच्या कपड्यांत स्वतः. कपडे आणि हावभाव इतके अचूक आहेत की ओळखायचा खेळ सुरू होतो, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. खेळ संपला, सगळे ओळखून झाले, की परत बघायला कारण राहत नाही. गाण्यातली डॅनी, ती बिचारी मुलगी, तिची ती सगळी परवड, ती व्हिडिओत कुठेच नाही.

त्याच वर्षीचा, त्याच अल्बममधला 'टेल मी बेबी' बघा त्यापेक्षा, परत डेटन आणि फॅरिस. लॉस एंजेलिसला नाव कमवायला आलेले अनोळखी वादक-गायक ऑडिशनला बोलावलेत. कॅमेऱ्यासमोर एकेक जण आपण कोण, कुठून आलो, काय व्हायचंय ते सांगतो. कुणी लाजतं, कुणी फुशारकी मारतं, कुणाचा आवाज कापतो. त्यांना गाणं वाजवायला सांगतात, ते वाजवायला लागतात, आणि मागून अचानक खरा बँड आत येतो. आणि आत आल्यावर ते चौघं त्या पोरांना बाजूला सारत नाहीत, त्यांच्याबरोबर वाजवायला लागतात, त्यांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारतात. त्या मुलांचे चेहरे कुठल्याही नटाला जमणार नाहीत असे आहेत. 'डॅनी कॅलिफोर्निया' आवडणाऱ्यांनी तो एकदा बघावा आणि मग मला लिहावं, पुढच्या अंकात छापेन.