‘टाळ्या वाजवणे’ आणि ‘दाद देणे’ यांत फरक काय? ‘दाद देत नाही’ म्हणजे टाळ्या वाजवत नाही का?

नाही. ‘ताप औषधाला दाद देत नाही’ म्हणजे औषध घेऊनही ताप उतरत नाही. गंजलेला नट पान्याला दाद देत नाही, हट्टी मूल हाकेला दाद देत नाही. जुमानत नाही, बधत नाही हा अर्थ. या अर्थी ‘दाद देणे’ जवळजवळ नेहमी नकारातच येतं; ‘ताप औषधाला दाद देतो’ असं सहसा कुणी म्हणत नाही.

कौतुकाच्या अर्थी मात्र ते होकारातही चालतं: ‘श्रोत्यांनी तिच्या तानेला दाद दिली.’ दाद स्त्रीलिंगी आणि एकवचनी, म्हणून ‘दिली’. ज्याला द्यायची त्याला ‘-ला’. इथे टाळ्या वाजल्याच पाहिजेत असं नाही. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीच्या शास्त्रीय गाण्यात, गायिका नेमकी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली की मान हलते, तोंडून ‘वा!’ निघतं, ती दादच. बंदिश चालू असताना मध्येच कडकडाट झाला, तर पुढची जागा ऐकूच येत नाही. टाळ्या शेवटी.

टाळ्या हातांच्या, आणि अनेकवचनी: ‘लोकांनी टाळ्या वाजवल्या’. कुणासाठी हे सांगायचं तर ‘तिच्यासाठी’. ‘तिला टाळ्या दिल्या’ कानाला खटकतं. हिंदीच्या प्रभावाने ‘टाळ्या बजावल्या’ असंही लिहिलं जातं, ते टाळाच. मराठीत समन्स बजावतात, हक्क बजावतात, टाळ्या वाजवतात. नट एखाद्या वाक्याला ‘टाळी घेतो’ किंवा त्या वाक्याला ‘टाळ्या पडतात’. ‘टाळी देणे’ मात्र वेगळं: विनोद जुळला की समोरच्याच्या तळहातावर तळहात मारायचा, ‘दे टाळी!’ दोन पक्षांच्या युतीच्या बातम्यांत ‘टाळी देणार का?’ येतं ते इथूनच.

आता दादेचं मूळ. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. तो अर्थ आजही रोजच्या वापरात आहे: ‘उच्च न्यायालयात दाद मागितली’, ‘ग्राहक आयोगाकडे दाद मागा’. गाण्याला दाद देणं म्हणजे त्याच्या गुणांना न्याय देणं, असं धरलं की दोन्ही वापर एकाच धाग्यात बसतात. ‘दाद मिळाली नाही’ हे वाक्य गायकही म्हणेल आणि तक्रारदारही. अर्थ संदर्भावरून घ्यायचा. ‘मागितली’ आलं की मात्र बहुतेक वेळा तक्रारच समजा.