सीआयडी पोरांसोबत पाहायची का?

भाऊ, घरात आठ वर्षांचं पोर आहे आणि जुनी सीआयडी सगळ्यांनी मिळून बघायची म्हणतोस तर बघ ना, फक्त कोणताही एपिसोड लावून किचनमध्ये निघून जाऊ नको. १९९८ ते २०१८ सोनीवर चाललेली सिरीयल आहे, वीस वर्षांत बाज लय बदलला. शिव्या नाहीत, आईबाबांसमोर रिमोट शोधायची पाळी सहसा येत नाही. पण जवळपास प्रत्येक भागात मुडदा आहेच.

मागच्या उन्हाळ्यात भाची नागपूरला आली होती, रात्री कूलरसमोर गाद्या टाकून बघत बसायचो. खून झाला तरी पोरगी मजेत संत्रा बर्फी खात बसायची, पण लॅबमध्ये डॉ. साळुंखेंनी चादर सरकवली की उशी तोंडावर. आणि भूतवाला एपिसोड लावला ती तर माझीच चूक, शेवटी भूत म्हणजे माणूसच निघाला तरी दोन दिवस बाथरूमला एकटी जाईना. म्हणून तसले भाग आधी स्वतः पाहून घे.

२००४ चा १११ मिनिटांचा भाग आहे, पूर्ण एका टेकमध्ये शूट केलेला, तो सापडला तर मोठ्यांनी जरूर बघा, लहानगे तेवढा वेळ बसत नाहीत. बाकी शिवाजी साटम दिसले की आई खुश होतेच, मराठी माणूस ना!

आणि हो, दयाने दार तोडलं की पोरगं पण खांदा मारून पाहणार, आमच्या बाथरूमची कडी अजून लटकतेय.