तुझ्या समीक्षकाला चित्राजवळ जाऊ दे

प्रिय मित्रास अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेचे तिन्ही भाग मी दोनदा वाचले. रेषा चांगली आहे. परंतु त्यातले कलासमीक्षकाचे पात्र मला पटले नाही. खांद्यावर शाल, तोंडी अवजड शब्द आणि बालगंधर्व कलादालनातील प्रत्येक प्रदर्शनावर तुच्छतेचा शेरा, एवढ्यावरच तो उभा आहे. तीन भागांत तो एकदाही चित्राजवळ जात नाही.

कादंबरीतल्या समीक्षकाने एखाद्या चित्राची निंदा केली, तर वाचकाला त्याच्या शब्दांवरच विसंबावे लागते. चित्रकथेत मात्र त्याचे म्हणणे आणि ते चित्र एकाच चौकटीत येतात आणि वाचक दोन्ही ताडून पाहतो. दुसऱ्या भागात तर तू संवादफुगा नेमका चित्रावरच काढला आहेस, आणि हे मला फार खटकले.

१८७४ मध्ये पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या व्यंगचित्रांच्या दैनिकात लुई लरॉय या समीक्षकाने मोने, पिसारो आदी चित्रकारांच्या प्रदर्शनावर लिहिताना एक काल्पनिक वृद्ध चित्रकार उभा केला होता. पिसारोच्या शेतातील नांगरटीच्या सऱ्या या वृद्धाला मळक्या कॅनव्हासवर लावलेल्या, पॅलेटवरून खरवडलेल्या रंगासारख्या दिसतात. लेख टवाळीचा होता आणि त्या वृद्धाचा निवाडा पुढे चुकीचा ठरला. पण रंगाचा तो जाड थर त्याने पाहिला होता, म्हणून ते पात्र आजही जिवंत वाटते.

माझ्या पहिल्या प्रदर्शनाची अभिप्राय वही ‘अप्रतिम’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ यांनी भरली होती. एक वयस्क समीक्षक मात्र ओंकारेश्वराच्या घाटाच्या जलरंगासमोर बराच वेळ थांबले, चष्मा काढून काचेपाशी वाकले आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे रंग पुरता वाळण्याआधीच पुन्हा ब्रश फिरवलात.” ते खरे होते. मला लागले, आणि त्या रात्री मी तेवढाच कोपरा सहा वेळा रंगवून पाहिला.

तुझ्या समीक्षकाला असे एक वाक्य हवे आहे. मग त्याचा निष्कर्ष चुकीचा, अगदी अन्यायाचा असला तरी चालेल. त्यासाठी भिंतीवरचे चित्र आधी वेगळ्या कागदावर पूर्ण रंगव, आणि तेही तुझ्या नेहमीच्या शैलीत नको, कारण ते दुसऱ्या चित्रकाराचे आहे. रविवारी येताना तेवढा कागद घेऊन ये. संवाद आपण त्यानंतर लिहू.