दारात शिरलेलं पाणी आणि जूनचं जॉब कार्ड

प्रश्न : मी शिक्षिका आहे, जुळे सोलापुरात राहते. दीड वर्षापूर्वी 8 लाख 90 हजारांची गाडी घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. जूनमध्ये मागच्या डाव्या दाराची काच वर-खाली होईना, तेव्हा सर्व्हिस सेंटरने दार खोलून काचेची मोटर वॉरंटीत फुकट बदलून दिली. सप्टेंबरच्या पावसानंतर त्याच दाराखालची मॅट ओलीचिंब झाली, स्पीकर खरखरू लागला आणि काचेचं बटण बंद पडलं. काच चार बोटं खाली अडकली आहे, वर पिशवी चिकटवून गाडी वापरते. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "तुम्ही बाहेरून स्पीकर बसवलेत, वॉरंटी गेली." 14,600 रुपयांचं एस्टिमेट हातात दिलंय. स्पीकर मी फक्त पुढच्या दारांत बसवले होते. दीर म्हणतात, पुराचं कारण सांगून विम्यातून घे. कंपनीकडे नवी गाडी मागता येईल का?

उत्तर : ताई, नवी गाडी मागू नका. सुटा भाग दुरुस्त करून किंवा बदलून दोष जात असेल, तर वॉरंटीच्या अटींपलीकडे जाऊन अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच सांगितलं आहे. अवास्तव मागणी केली की समोरचा वकील तिच्यावरच बोलत राहतो आणि तुमचं खरं म्हणणं मागे पडतं.

खरं म्हणणं काय, ते आधी समजून घ्या. "दारात पाणी शिरतं, म्हणजे गाडीच सदोष" असं तुम्ही पत्रात लिहिलंय. ते वाक्य तक्रारीत येऊ देऊ नका, पहिल्याच तारखेला खोडलं जाईल. पाऊस काचेवरून ओघळतो, काचेच्या बाहेरच्या रबर पट्टीतून थोडा आत झिरपतो, दाराच्या दोन पत्र्यांमधून खाली येतो आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतो. दाराची रचनाच तशी आहे. परवा मी माझ्याच गाडीच्या काचेवर तांब्याभर पाणी ओतलं, तर थोड्या वेळात दाराच्या खालच्या कडेने थेंब गळायला लागले.

हे पाणी माणसांच्या बाजूला येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकची एक शीट असते. ती काळ्या, डांबरासारख्या चिकट टेपने कडेकडेने बसवलेली असते आणि तिच्यावर दाराचं पॅड. स्पीकर, बटणं, त्यांचे कनेक्टर कोरडे राहतात ते बरंचसं या शीटमुळे. काचेची मोटर बदलायची तर पॅड काढावं लागतं आणि शीट सोलावी लागते. परत बसवताना कारागिराने घाई केली, धूळ बसलेल्या टेपवरच शीट दाबली किंवा फाटलेला कोपरा तसाच ठेवला, की पहिल्या मोठ्या पावसात पाणी पॅडमागून उतरतं आणि मॅटखाली साचतं. तुमची मॅट भिजली ती याच दाराखाली. बाकी तीन दारं कोरडी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा हे दार शेवटचं कुणी उघडलं, या एका प्रश्नावर तुमचं प्रकरण उभं राहील. त्याचं उत्तर जूनच्या जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाच्या नोंदीवर आहे, तो कागद हातात हवाच.

मात्र आपल्याकडच्या उन्हात ही रबरं कडक होतात आणि धुळीने तळाची भोकं बुजतात. विरुद्ध पक्ष हेच सांगेल : भोकं बुजली, ग्राहकाने काळजी घेतली नाही. म्हणून पॅड उघडण्याआधी भोकांचे फोटो काढा. ती मोकळी असतील तर हा बचाव तिथेच संपतो. बुजलेली असतील तर मला आधी सांगा, आपण मांडणी बदलू.

स्पीकरचं म्हणाल, तर वॉरंटी पुस्तिकेतली बदलाविषयीची अट शब्दन् शब्द वाचा. बदलामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असणं वेगळं आणि काहीही बसवलं की सगळी वॉरंटी रद्द होणं वेगळं. अट पहिल्या प्रकारची असेल, तर पुढच्या दारातल्या स्पीकरमुळे मागच्या दारातली शीट कशी सुटली, हे त्यांना सांगावं लागेल. पण ॲक्सेसरीवाल्याला आजच विचारा : वायर ओढताना मागच्या डाव्या दाराचं पॅड काढलं होतं का? काढलं असेल तर तोही पक्षकार होईल. हे माझ्यापासून लपवू नका, ग्राहक आयोगापुढे उघड झालं तर जास्त महागात पडेल.

आणखी एक बचाव हमखास येतो, आणि तो मला अजिबात पटत नाही : "मोटर फुकट बदलली, मग तुम्ही ग्राहक कसल्या?" ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये फुकट दिलेली सेवा 'सेवा' धरली जात नाही, एवढं खरं. पण वॉरंटीतली दुरुस्ती फुकट नसते, तिचे पैसे तुम्ही गाडीच्या किमतीत भरलेले असतात. हे वाक्य तक्रारीत स्वतंत्र परिच्छेदात टाका आणि विक्रेत्याबरोबर उत्पादक कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा. याच कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या भरपाईच्या, प्रकरणाकडे जाऊ नका. त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान येत नाही. तुमची तक्रार सेवेतील त्रुटीची आहे.

त्रुटी सिद्ध करायचा भार तुमच्यावर आहे. म्हणून दुरुस्तीला घाई नको, पण दार महिनोन्‌महिने भिजतही ठेवू नका, नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. या आठवड्यात परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा त्रयस्थ, जाणकार मेकॅनिक बोलवा आणि सर्व्हिस सेंटरलाही आधी लेखी कळवा, म्हणजे "आमच्यामागे केलं" असं म्हणता येणार नाही. नंबर प्लेट आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा सलग व्हिडिओ सुरू करा, मग पॅड काढू द्या. शीटची सुटलेली कड, टेपवरची धूळ, पाण्याच्या वाळलेल्या रेघा जवळून घ्या. मेकॅनिककडून तारखेसह सही केलेला अहवाल घ्या. मोबाईलवरचा मूळ व्हिडिओ पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल. जुनं बटण आणि कनेक्टर लेबल लावून पिशवीत ठेवा. पैसे भरूनच दुरुस्ती करावी लागली, तर बिलाच्या दोन्ही प्रतींवर "हक्क राखून, हरकतीसह भरले" असं लिहून सही करा.

मग पंधरा दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टने. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रारही नोंदवा, काही वेळा तेवढ्यावर मिटतं. नाही मिटलं, तर तुम्ही इथे राहता म्हणून सोलापूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. गाडीची किंमत धरली तरी 5 ते 10 लाखांच्या टप्प्यात शुल्क 200 रुपये. दुरुस्तीचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च एवढंच मागा, आणि आकडे पावत्यांशी जुळू द्या.

दिरांचा सल्ला मनापासून दिलेला असेल, पण तो ऐकू नका. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांचा दावा खरा होता. तुमची गाडी जुळे सोलापुरात दारात उभी होती. विमा कंपनीला खोटं कारण दिलंत तर तो दावा फेटाळला जाईलच, शिवाय तोच अर्ज ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध दाखल होईल : तिथे पूर, इथे फाटलेली शीट. इतकं सरळ प्रकरण एका सहीने हातचं जाईल.

जॉब कार्डाची प्रत सापडत नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आज ईमेलने सर्व्हिस सेंटरकडे गाडीची संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी मागा, आणि त्या ईमेलमध्ये वादाचा एक शब्दही घालू नका.